पाहणाऱ्याची जागा: पॅरिसचे पेस्टल, अजिंठ्याची भिंत आणि आपलं माजघर



मागच्या खेपेला आपण रस म्हणजे काय, हा प्रश्न घेतला होता. विषय मोठा होता आणि जरा कोरडाही झाला, असं काहींनी कळवलं. आजचा विषय त्यामानाने ओला आहे. आज आपल्याला न्हाणीघरापर्यंत जायचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमधल्या काही चित्रकारांनी पेस्टलच्या खडूंनी बायकांची रोजची, घरातली, खासगी चित्रं काढली. आंघोळ करणारी, अंग पुसणारी, केस विंचरणारी, बाळाला न्हाऊ घालणारी. ही चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत, कॅलेंडरांवर आहेत, तुमच्या मोबाइलवरही आहेत.

आम्ही चित्रकलेचे जाणकार नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आज रेषा आणि रंगसंगती यांबद्दल थोडं बोलू, पण मुख्य प्रश्न आमच्या विषयातला आहे. तो असा: कोणी पाहत नाही असं समजून एखादी बाई आपलं काम करत असते, आणि आपण मात्र तिला पाहत असतो. तेव्हा आपण कुठे उभे असतो? दाराच्या फटीशी? तिच्या शेजारी? की आणखी कुठे? आम्हाला असं वाटतं, की या चित्रांचं सगळं मर्म या एका प्रश्नात आहे. आणि या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर शोधायला पॅरिसला जावं लागत नाही. ते आपल्या खानदेशातच, अमळनेरला सापडतं. पण तिथे शेवटी जाऊ.

आधी खडू समजून घेऊ

पेस्टल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना मुलांच्या कंपासपेटीशेजारची ती तेलकट कांड्यांची डबी आठवते. ते ऑइल पेस्टल. आज आपण बोलतोय ते कोरडं पेस्टल. रंगाची बारीक पूड, त्यात खडूसारखी पांढरी भुकटी, आणि कांडी वळण्यापुरता किंचित डिंक. बस. तेल नाही, पाणी नाही. कागदावर घासलं की पूड कागदाच्या खरबरीतपणात अडकून बसते. रांगोळी आणि खडू यांच्या मधलं काहीतरी म्हणा ना. फुंकर मारली तर थोडी उडते, बोट फिरवलं तर पसरते.

याचे परिणाम काय होतात ते पाहा. तैलरंगात थर वाळायला दिवस लागतात. पेस्टल वाळायचंच नसतं, त्यामुळे हात थांबत नाही. रेघ मारली तीच रंग होते. म्हणजे रेखाटन वेगळं आणि रंगवणं वेगळं अशी दोन कामं राहत नाहीत. एखादी बाई वाकून केस झटकते आहे, ती हालचाल क्षणाची आहे, तर खडू तिच्यामागे धावू शकतो. शिवाय त्या पुडीवर प्रकाश पडला की तो विखुरतो, चकाकत नाही. त्यामुळे त्वचेला, ओल्या केसांना, टॉवेलला एक मऊपणा येतो. तैलरंगाच्या चकचकीत थरात तो मऊपणा सहसा येत नाही.

पॅरिसमध्ये या माध्यमाला मान मिळवून दिला तो एका बाईनेच. व्हेनिसची रोझाल्बा कॅरिएरा 1720 साली पॅरिसला आली, तिने तिथल्या बड्या मंडळींची पेस्टलमध्ये व्यक्तिचित्रं काढली आणि त्याच वर्षी तिथल्या राजकीय कला अकादमीत तिला प्रवेश मिळाला. पुढे शार्दांसारख्या मोठ्या चित्रकाराने म्हातारपणी, डोळे तैलरंगाला साथ देईनात तेव्हा, पेस्टल हाती घेतलं. हा शार्दां म्हणजे स्वयंपाकघराचा चित्रकार. भाजी निवडणारी, मुलांना जेवायला बसवणारी बाई हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे त्याने अठराव्या शतकात दाखवून दिलं होतं. म्हणजे घरातली बाई आणि पेस्टलचा खडू, दोन्ही गोष्टी फ्रान्समध्ये आधीपासून होत्या. त्यांची गाठ घट्ट बांधली एद्गार देगाने.

देगाचं घंगाळ

देगाचा जन्म 1834 चा, मृत्यू 1917 चा. त्याचेही डोळे पुढे पुढे अधू होत गेले आणि पेस्टल हे त्याचं मुख्य माध्यम बनलं. 1886 साली पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचं आठवं आणि शेवटचं प्रदर्शन भरलं. त्यात देगाने पेस्टलची एक मालिका मांडली. विषय एवढाच, की बायका आंघोळ करताहेत, अंग धुताहेत, पुसताहेत, केस विंचरताहेत किंवा कोणाकडून विंचरून घेताहेत.

त्या काळातलं एक चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. नाव 'टब'. आपल्याकडच्या जुन्या घरांतलं तांब्याचं मोठं घंगाळ आठवा. ते आणखी पसरट, उथळ केलं की हा टब. त्यात एक बाई उकिडवी बसली आहे. एक हात टबच्या तळाशी टेकवून तोल सांभाळते आहे, दुसऱ्या हाताने मानेवर स्पंज धरला आहे. तोंड आपल्याकडे नाही. आपण तिला वरून पाहतो. चित्राच्या उजव्या कडेला एक फळी आहे, तीही वरून दिसते, आणि तिच्यावर पाण्याची भांडी, ब्रश असं सामान मांडलेलं आहे. बाई इकडे, भांडी तिकडे. दोघांनाही सारखंच लक्षपूर्वक पाहिलेलं.

आता यात नवं काय होतं? नग्न स्त्री युरोपच्या चित्रांत शेकडो वर्षं होती. पण ती व्हीनस असायची, अप्सरा असायची, पुराणातली कोणीतरी असायची. आणि मुख्य म्हणजे तिला ठाऊक असायचं, की आपल्याला पाहिलं जातंय. ती त्याप्रमाणे पहुडायची, त्याप्रमाणे मान वळवायची. आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईजवळ छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर गेल्या. खानदेशातल्या खेड्यांतही गेल्या. त्या तसबिरींतली बाई नेसलेली, दागिन्यांनी मढलेली, पण तीही आपल्याकडे तोंड करून उभी. चित्रातल्या बाईने देवी व्हायचं, नाहीतर निदान आपल्यासाठी उभं राहायचं, हा नियमच होता.

देगाने तो मोडला. तो स्वतः म्हणायचा, की आजवरच्या नग्नचित्रांतल्या बायका प्रेक्षक गृहीत धरतात, माझ्या मात्र आपल्या शरीराच्या निगेपलीकडे कशात नसतात, जणू काही किल्लीच्या भोकातून पाहावं तशा. ही त्याची उपमा प्रसिद्ध आहे आणि तीच त्याच्या गळ्यातही पडली.

कारण उपमा दोन्हीकडून कापते. एका बाजूने ही केवढी सुटका आहे! चित्रातल्या बाईवर सुंदर दिसण्याची, कोणाला खूश करण्याची सक्ती उरली नाही. तिची पाठ दुखत असेल तर दुखू दे, पोट सुटलं असेल तर सुटू दे. देगाने इस्त्री करणाऱ्या बायकाही रंगवल्या. त्यातली एक तोंड भरून जांभई देते. चित्रात जांभई देण्याचा अधिकार बाईला किती उशिरा मिळाला, याचा जरा विचार करा.

दुसऱ्या बाजूने, किल्लीच्या भोकातून पाहणाऱ्याला आपण काय म्हणतो? आपल्या गावात त्याला चार लोकांनी बदडलं असतं. तेव्हाच्या काही समीक्षकांनाही हे खटकलं. ह्यूइसमान्ससारख्या लेखकाला या चित्रांत बाईविषयीची तुच्छता दिसली. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे किल्लीचं भोक खरं नव्हतं. देगाने कोणाच्या घरी डोकावून ही चित्रं काढली नाहीत. टब त्याच्या स्टुडिओत होता आणि बाई पैसे घेऊन काम करणारी मॉडेल होती. तेच अवघडलेलं आसन तिला पुन्हापुन्हा घ्यावं लागे. म्हणजे 'कोणी पाहत नाही' हा आभास घडवण्यासाठी एक बाई राबत होती. आपण ज्याला तिचा निवांत क्षण समजतो, ती तिची नोकरी होती.

मग ही चित्रं आदराची की चोरटेपणाची? आमचं मत लगेच सांगत नाही. आधी याच शहरातल्या दुसऱ्या घराचं दार वाजवू.

मेरी कसाटची परात

मेरी कसाट मूळची अमेरिकन, जन्म 1844 चा. चित्रकला शिकायला पॅरिसला आली आणि तिथलीच झाली. एका दुकानाच्या खिडकीत देगाची पेस्टल्स पाहून ती भारावली. पुढे देगाच्याच निमंत्रणावरून ती इम्प्रेशनिस्ट मंडळींत आली आणि 1879 पासून त्यांच्या प्रदर्शनांत चित्रं ठेवू लागली. तिनेही पेस्टल भरपूर वापरलं. आई आणि मूल हा तिचा विषय लोकांना सर्वाधिक माहीत आहे.

पण हा विषय तिने निवडला की तिच्या वाट्याला आला? दोन्ही. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने, एकोल द बोझारने, बायकांना प्रवेश दिला तो थेट 1897 साली. देगा रात्री कॅफेत बसू शकत होता, नर्तिकांच्या तालमींत वावरू शकत होता. चांगल्या घरची बाई तिथे एकटी गेली असती तर नाव गेलं असतं. कसाट किंवा बर्थ मोरिझो यांच्यासाठी उघडी असलेली जागा म्हणजे दिवाणखाना, बाग, मुलांची खोली, फार तर नाट्यगृहातली बसायची जागा. तेव्हा त्यांनी तेच रंगवलं. मात्र ते पाहुण्यासारखं रंगवलं नाही, घरच्या माणसासारखं रंगवलं.

शिकागोच्या कलासंग्रहालयात कसाटचं 1893 चं एक चित्र आहे, 'बाळाची आंघोळ'. हे तैलरंगातलं आहे, पण देगाच्या टबशेजारी ठेवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. इथेही आपण वरून पाहतो. इथेही पाण्याचं भांडं आहे, आपल्या परातीसारखं, आणि शेजारी पाण्याची सुरई. बाईच्या अंगात जाड पट्ट्यांचा झगा. मूल तिच्या मांडीवर, तिचा एक हात मुलाच्या कमरेभोवती आणि दुसऱ्या हाताने ती त्याचा पाय धुते आहे. दोघांच्याही नजरा पाण्यात, पायाकडे.

वरून पाहण्याची ही रीत दोघांनीही जपानी छापचित्रांकडून घेतली. 1890 साली पॅरिसमध्ये अशा चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते पाहून कसाट फार प्रभावित झाली होती. म्हणजे तंत्र एक, भांडं एक, कोनही जवळपास एक. तरी फरक केवढा! देगाच्या चित्रात आपण बाईला वरून पाहतो तेव्हा तिच्यापासून लांब असतो. कसाटच्या चित्रात आपण वाकलेले असतो. जणू हातात टॉवेल घेऊन उभे आहोत आणि आता पुढचं काम आपलंच आहे.

गंमत म्हणजे या दोघांत वैर नव्हतं. 1886 च्या त्याच प्रदर्शनात कसाटचं केस बांधणाऱ्या एका मुलीचं चित्र होतं. दिसायला अगदी साधी मुलगी, तोंड किंचित उघडं, हात मागे वेणीवर. ते चित्र देगाने स्वतःसाठी घेतलं आणि आपल्या संग्रहात ठेवलं. जे आपल्याला जमत नाही ते दुसऱ्याला जमलेलं ओळखता येणं, हाही मोठेपणा आहे.

वाघूरकाठची भिंत

आता पॅरिस सोडून घराकडे वळू. प्रश्न तोच ठेवू, भिंत बदलू.

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. ती जिल्ह्याच्या हद्दीबाहेर असली तरी त्यांच्या पायथ्याची वाघूर नदी पुढे आपल्याच जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. सतराव्या लेण्याचा दाता हा वाकाटक सम्राट हरिषेणाचा मांडलिक राजा होता, असं तिथल्या शिलालेखावरून कळतं. त्याचं राज्य म्हणजे ऋषीक, अर्थात आजचा खानदेश, असं काही अभ्यासक मानतात. काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. या लेण्यात एक प्रसिद्ध दृश्य आहे. एक राजस्त्री हातात आरसा घेऊन शृंगार करते आहे. दागिने आहेत, वस्त्र नावापुरतं. शेजारी दासी उभ्या आहेत. एकीच्या हाती चवरी, दुसरीच्या हाती प्रसाधनाचं तबक.

आधी रंगांचं पाहू, कारण इथेही पूड आहे. अजिंठ्याचे चित्रकार मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देत आणि वाळलेल्या भिंतीवर रंग लावत. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, पांढरा, आणि दूरवरून आलेला निळा लाजवर्द. हे सगळं दगड-माती कुटून केलेलं, सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेलं. देगाचा खडू आणि ही भिंत यांचं नातं वाटतं तितकं लांबचं नाही.

पण पाहणाऱ्याची जागा मात्र अगदी निराळी. इथे किल्लीचं भोक नाही, कारण दारच नाही. राजस्त्री आरशात पाहते आहे, दासी तिच्याकडे पाहताहेत, कोणी कोणापासून काही लपवत नाही. शृंगार ही इथे चारचौघींत चालणारी गोष्ट आहे. आणि हे चित्र कुठे आहे? भिक्षूंच्या विहारात! ज्यांनी संसार सोडला त्यांच्या राहण्याच्या जागी. आजूबाजूला जातककथा आहेत, राजवाडे आहेत, विरह आहे, मृत्यू आहे. त्या सगळ्या जगरहाटीत आरसा पाहणारी बाईही आहे. सोडायचं ते आधी नीट पाहून घ्यावं, असं जणू तो चित्रकार सांगतो. तिला पाहण्यात चोरी नाही, कारण तिला एकटीला वेगळं काढून पाहिलेलं नाही.

पॅरिस आणि अजिंठा यांना जोडणारी एक व्यक्ती होऊन गेली. अमृता शेरगिल. जन्म 1913, बुडापेस्ट. ज्या एकोल द बोझारने कसाटच्या पिढीला दार बंद ठेवलं होतं, तिथेच ती 1930 च्या सुमारास शिकली. 1934 च्या अखेरीस भारतात परतली, मग दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाली आणि वाटेत अजिंठा पाहिला. त्याचा तिच्यावर खोल परिणाम झाला. 1937 साली तिने 'वधूचा शृंगार' हे चित्र काढलं. नवरी बसली आहे, मागे एक सावळी बाई तिचे केस सावरते आहे. विषय सतराव्या लेण्यातलाच. पण आनंदाचा प्रसंग असून चेहऱ्यांवर हसू नाही. सगळ्या गप्प, आपापल्या विचारात. अजिंठ्याची मोकळीक आणि पॅरिसमधला एकटेपणा, दोन्ही त्या एका चित्रात येऊन बसले आहेत.

जात्याशी बसलेली

आतापर्यंत आपण पाहिलेल्या प्रत्येक चित्रात एक गोष्ट समान आहे. काम करणारी वेगळी आणि चित्र काढणारा किंवा काढणारी वेगळी. कसाटसुद्धा स्वतः आई नव्हती, ती अविवाहित राहिली. तेव्हा प्रश्न असा, की टबमधल्या बाईनेच खडू हाती घेतला असता तर?

याचं उत्तर चित्रात शोधायला आम्ही गेलो नाही, कारण ते आपल्या जळगावात शब्दांत आहे. बहिणाबाई चौधरी, जन्म 1880, असोदे गाव. पॅरिसमध्ये देगाची मालिका भिंतीवर लागली तेव्हा ही मुलगी पाच वर्षांची होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणी वैधव्य आलं. शेत, चूल, जातं, मुलं हे सारं करता करता ती आपल्या बोलीत गाणी रचत गेली. ती घरच्यांनी लिहून घेतली आणि 1951 साली ती गेल्यानंतर, 1952 साली, मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने छापून आली.

आम्ही इथे त्या ओळी म्हणून दाखवत नाही, तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. फक्त त्यांतली जागा दाखवतो. बहिणाबाई जात्याबद्दल बोलते तेव्हा जात्याचा खुंटा तिच्याच हातात असतो. चुलीबद्दल बोलते तेव्हा धूर तिच्याच डोळ्यांत गेलेला असतो. तरीही ती नुसती दळत नाही. दळता दळता स्वतःकडे बघते, जरा हसते, त्यातून काहीतरी समजून घेते. करणारीही तीच आणि पाहणारीही तीच. चित्रकलेत ज्यासाठी मॉडेल, टब आणि स्टुडिओ लागला, ते इथे एकाच माणसात घडलं.

अमळनेरचं उत्तर

आता वचन दिल्याप्रमाणे अमळनेरला येऊ. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने 1916 साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. ऐन खानदेशात, कापसाच्या गावात, शुद्ध तत्त्वचिंतनासाठी संस्था! देशभरातले विचारवंत तिथे येऊन राहिले. 1930 च्या दशकात काही काळ तिचे संचालक होते कृष्णचंद्र भट्टाचार्य. विसाव्या शतकातल्या भारतीय तत्त्वज्ञांत त्यांचं नाव फार वरचं. रसाच्या संकल्पनेवर त्यांचा एक निबंध आहे. त्यात त्यांनी एक साधं उदाहरण दिलं आहे.

एक मूल खेळण्याशी खेळतंय. त्याचे आजोबा कौतुकाने त्याच्याकडे पाहताहेत. आणि तिसरा कोणीतरी त्या आजोबांना पाहतो आहे.

मुलाचा आनंद खेळण्यात बुडालेला आहे. त्याला खेळणं हवं आहे, काढून घेतलं तर ते रडेल. आजोबांना खेळणं नको आहे. त्यांचा आनंद मुलाच्या आनंदात आहे. ही सहानुभूती, पण अजून ती बांधलेली आहे, कारण नातू त्यांचा आहे. तिसऱ्या माणसाचं काय? खेळणं त्याचं नाही आणि नातूही त्याचा नाही. त्याला त्या दृश्यातून काही मिळवायचं नाही. तरी त्याचं मन भरून येतं. हा जो मोकळा, कोणाच्याच मालकीचा नसलेला आनंद, तो रसास्वाद. अभिनवगुप्ताने हजार वर्षांपूर्वी ज्याला साधारणीकरण म्हटलं, तेच भट्टाचार्यांनी आजोबांच्या ओसरीवर आणून बसवलं.

हा तीन पायऱ्यांचा हिशेब घेऊन आता पुन्हा चित्रांकडे जाऊ.

कसाटच्या चित्रात तिन्ही जागा भरलेल्या आहेत. मूल पाण्यात रमलं आहे. बाई मुलात रमली आहे. आणि आपण त्या दोघांना पाहतो आहोत. आपल्याला तिसरी जागा अलगद मिळते, कारण दुसऱ्या जागेवर कोणीतरी प्रेमाने बसलेलं आहे.

अजिंठ्याच्या भिंतीवर दुसरी जागा दासींनी भरली आहे. आपण त्यांच्या पलीकडे उभे.

बहिणाबाईत पहिली आणि दुसरी जागा एकीचीच आहे. म्हणून ती गाणी ऐकताना आपल्याला आगंतुक असल्यासारखं कधी वाटत नाही.

आणि देगा? देगाच्या टबपाशी दुसरी जागा रिकामी आहे. चित्रात त्या बाईकडे मायेने पाहणारं कोणी नाही. तिची पाठ दुखत असेल तर विचारणारं नाही, टॉवेल देणारं नाही. त्यामुळे आपण सरळ तिच्यासमोर येऊन पडतो आणि ती रिकामी जागा आपल्यालाच भरावी लागते. जो तिथे आजोबांसारखा बसेल, त्याला एका थकलेल्या देहाचं सच्चं, अदबशीर चित्र दिसेल. जो किल्लीच्या भोकाशी बसेल, त्याला तेवढंच दिसेल. चित्र आदराचं की चोरटेपणाचं, हे चित्रकाराने आपल्यावर सोडलं आहे. म्हणून हे चित्र जवळपास दीडशे वर्षांनंतरही लोकांना अस्वस्थ करतं. आम्हाला ते थोर वाटतं ते याच कारणाने, आणि त्यात धोका आहे तोही याच कारणाने.

आणि आज

कोणी म्हणेल, सर, हे सगळं संग्रहालयातलं झालं, आमचा काय संबंध? संबंध आहे आणि तो रोजचा आहे. कारण आज किल्लीचं भोक प्रत्येकाच्या खिशात आहे.

उन्हाळ्यात धुळ्या-जळगावच्या जुन्या गल्ल्यांमध्ये गच्चीवर बायका बिबडे-पापड करायला जमतात. पदर खोचलेले, केस कसेतरी बांधलेले, हात पिठात, गप्पा रंगात. हळदीच्या दिवशी नवरीला न्हाऊ घालतात, तेव्हा एकेकाळी तिथे फक्त घरच्या बायका असत. घरात आजारी आई असते, तिला मुलगी चमच्याने पेज भरवत असते. या सगळ्या देगाच्या आणि कसाटच्या चित्रांइतक्याच सुंदर जागा आहेत. आणि आता तिथे हमखास एक फोन वर होतो.

फोटो काढूच नका, असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हटलं तर कसाटला खोलीबाहेर काढावं लागेल. आणि न पाहणं हाही काही सद्गुण नव्हे. घरातल्या बाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या कोणी पाहिलंच नाही, म्हणून तर ते काम म्हणून मोजलं गेलं नाही. पाहिलं पाहिजे. फक्त कुठे बसून, हे विचारलं पाहिजे. फोन वर करणारा हात आजोबांच्या जागेवर आहे का? त्या क्षणी त्याला तिच्याबद्दल काही वाटतंय, की तिच्यातून काही हवंय? आणि पुढची, आणखी अवघड गोष्ट: तो फोटो चारशे लोकांना पाठवला, की त्या चारशेंसाठी दुसरी जागा रिकामी होते. आपल्याला ती आई आहे. त्यांना ती कोण? आपण मायेने पाहिलेलं त्यांच्याकडे मायेसकट पोचत नाही, नुसतं चित्र पोचतं.

शिवाय देगाच्या मॉडेलला निदान ठाऊक होतं, की चित्र काढलं जातंय. तिने होकार दिला होता आणि मजुरी घेतली होती. पेज पिणाऱ्या आईला विचारलं होतं का? नवरीला विचारलं होतं का? मुलगी 'नको' म्हणाली तर तिला लाजाळू ठरवून हसण्यावारी नेतात. तिचं ते 'नको' म्हणजे न्हाणीघराचं दार आहे. ते तिने लावायचं आणि तिनेच उघडायचं.

शेवटी एवढंच सुचवतो. यापैकी कोणतंही चित्र, छापील असो वा पडद्यावरचं, पुन्हा समोर आलं तर लगेच सुंदर किंवा अश्लील असा शिक्का मारू नका. आधी पाहा, की चित्रात तिच्याकडे मायेने पाहणारं कोणी आहे का. असेल तर त्याच्यामागे जाऊन उभे राहा. नसेल तर ते काम आपलं आहे असं समजा. आणि अजिंठ्याला गेलात तर सतराव्या लेण्यात मंद उजेडाला डोळे सरावेपर्यंत जरा थांबा. आरसा धरलेली ती बाई लगेच दिसत नाही. हळूहळू दिसते.

पुढच्या खेपेला अभिनवगुप्ताचं साधारणीकरण सविस्तर घेऊ. आज पाहिलेली चित्रं तोवर मनात राहू द्या, त्यांचा तिथे उपयोग होईल. तुमचे प्रश्न आणि मतभेद जरूर कळवा. मतभेद आधी.